कैचीचा पूल वाचायचा कसा? राळेगावच्या जिनिंगपासून वर्धा नदीपर्यंत



पीएच.डी.ला प्रवेश घ्यायच्या आधी विषय कसा निवडायचा, असे बरेच मेसेज येतात. पेट झाली, नेट-सेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे आणि डोक्यात फक्त ‘आवड’ आहे, प्रश्न नाही, अशी अनेकांची अवस्था असते. माझीही होती. म्हणून आज माझ्याच संशोधनातला एक तुकडा घेते. विषय आहे जुने लोखंडी पूल. त्रिकोणांच्या जाळीचे, ज्यांना इंग्रजीत ट्रस म्हणतात ते. आवडीतून प्रश्न कसा काढायचा, आणि तो काढताना मी कुठे तोंडावर आपटले, हे या निमित्ताने सांगता येईल.

सुरुवात राळेगावपासून करते, कारण माझी सुरुवात तिथलीच. आमच्याकडे कापूस. दिवाळीनंतर जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागते. लहानपणी वडिलांसोबत कापूस घेऊन गेले की वजनकाट्यापाशी तासन् तास थांबावं लागायचं. तेव्हा वर बघायचा एक नाद लागला. जिनिंगच्या मोठ्या शेडला मध्ये एकही खांब नाही, तरी एवढं छप्पर उभं कसं? वर लोखंडी दांड्यांचे त्रिकोण, एकामागे एक. तिथे काम करणाऱ्या एका मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, “कैची हाय ते, पोरी. तीन काड्या जोडल्या त हालत नाही. चार जोडल्या त लचकते. पाहय करून.”

घरी येऊन मी खराट्याच्या काड्या आणि सुतळीने करून पाहिलं. चौकोन खरंच कलला. त्यात एक तिरपी काडी टाकली आणि तो गच्च झाला. एवढंच तत्त्व. ट्रस पूल म्हणजे हीच कैची, छपराऐवजी नदीवर टाकलेली.

‘हे प्रेमपत्र आहे, प्रस्ताव नाही’

पुढे एम.ए. झालं, इतिहासात पीएच.डी. करायचं ठरलं आणि मी पहिला सिनॉप्सिस लिहिला. त्यात जुन्या पुलांचं सौंदर्य होतं, सूर्यास्ताच्या वेळी लोखंडी जाळीतून दिसणारी नदी होती, ‘हरवत चाललेला वारसा’ तर दोन-तीनदा होता. गाइडनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, “हे प्रेमपत्र आहे, प्रस्ताव नाही. पूल सुंदर दिसतो, मान्य. पण तो *असा* का दिसतो?”

खरं सांगायचं तर मला तेव्हा राग आला होता. पण आज मागे वळून बघताना वाटतं, त्या एका ‘असा का’मध्ये माझा सगळा प्रबंध आहे. ट्रस पुलात नक्षी नावाची गोष्ट जवळजवळ नसते. जे दिसतं त्यातलं बहुतेक काही ना काही काम करत असतं. त्यामुळे दिसण्यामागे कारणं सापडतात. काही कारणं गणिताची, काही वाहतुकीची, काही पैशाची, आणि काही राज्य कोणाचं होतं याची. ही कारणं एकेक करून सोडवत जाणं म्हणजे पूल वाचणं.

आधी थोडं गणित, घाबरू नका

इतिहासाच्या विद्यार्थ्याला एवढं गणित लागतंच. पुलावर भार आला की प्रत्येक दांडीवर दोनपैकी एक गोष्ट घडते. ती दांडी ताणली जाते किंवा दाबली जाते. ओळखायची सोपी युक्ती अशी: या दांडीच्या जागी दोरी बांधली तर चालेल का? चालेल, तर तिथे ताण आहे. दोरी ढिली पडेल असं वाटलं, तर तिथे दाब आहे.

आता गंमत बघा. दाबाखालची लांब, सडपातळ दांडी मोडायच्या आधी वाकून जाते. छत्रीची काडी दोन्ही टोकांनी दाबून बघा. म्हणून दाबाच्या दांड्या जाड आणि शक्यतो आखूड ठेवाव्या लागतात, ताणाच्या दांड्या बारीक चालतात. एकोणिसाव्या शतकातल्या सगळ्या वेगवेगळ्या आकृत्या याच अडचणीवर काढलेली उत्तरं आहेत. अमेरिकेत १८४० मध्ये विल्यम हाऊ यांनी पेटंट घेतलेल्या रचनेत तिरप्या दांड्या दाबाच्या आणि लाकडी, उभ्या दांड्या ताणाच्या आणि लोखंडी. तिथे लाकूड स्वस्त, लोखंड महाग, त्यामुळे लोखंड जेवढ्यास तेवढं. १८४४ मध्ये प्रॅट पितापुत्रांनी हे उलटं केलं. उभ्या दांड्या दाबाच्या, म्हणजे आखूड, आणि तिरप्या लांब दांड्या ताणाच्या, म्हणजे बारीक. लोखंडी पुलाला हे जास्त सोयीचं. आणि १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स वॉरन आणि त्यांच्या भागीदाराने पेटंट घेतलं ते सारख्या त्रिकोणांच्या रचनेचं. उभ्या दांड्याच नाहीत, नुसती वर-खाली जाणारी नागमोडी रेघ.

तर पुलासमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न हा. तिरप्या दांड्या मध्याकडे उतरत्या आणि बारीक आहेत का? मग बहुधा प्रॅट. नुसते डब्ल्यू-डब्ल्यू दिसतात का? मग वॉरन. आणखी एक बघायचं. वरची आणि खालची आडवी पट्टी गाळ्याच्या मधोमध जास्त जाड असते, आणि तिरप्या दांड्या टोकांकडे, खांबांजवळ, जास्त जाड असतात. कारण पूल मध्ये वाकायला बघतो आणि टोकाशी कातरला जायला बघतो. जिथे जेवढं बळ, तिथे तेवढंच लोखंड. प्रत्येक दांडी सारख्याच जाडीची असेल तर समजायचं की बनवणाऱ्याला लोखंडाची बचत महत्त्वाची नव्हती, दुसरंच काहीतरी महत्त्वाचं होतं.

हे ‘दुसरं काहीतरी’ शोधायला आपल्याला राळेगावहून थेट वसईच्या खाडीवर जावं लागतं.

तुकड्यांत आलेला पूल

१८५० आणि १८६० च्या दशकात बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे गुजरातमधून मुंबईकडे येत होती. वाटेत नर्मदा, तापी आणि मुंबईच्या तोंडाशी वसईची खाडी. या कंपनीचे सल्लागार अभियंता कर्नल जे. पी. केनेडी यांनी एक निर्णय घेतला. नदी कितीही रुंद असो, गाळा एकाच मापाचा, ६० फुटांचा, आणि तोही वॉरन रचनेचा. खाली लोखंडी नळांचे खांब. म्हणजे मोठा पूल हवा असेल तर गाळ्यांची संख्या वाढवायची, गाळा बदलायचा नाही.

वरवर बघता हे वेडेपणाचं वाटतं. मोठ्या नदीत जितके जास्त खांब, तितका पुराला जास्त अडथळा. नर्मदेने ते दाखवूनही दिलं. भरूचजवळचा पूल पुरांनी पुन्हा पुन्हा तोडला. शेवटी तिथे १८७७ मध्ये नव्या पुलाचं काम सुरू झालं आणि १८८१ मध्ये तो खुला झाला. त्याचं लोकांनी ठेवलेलं नाव आजही ‘गोल्डन ब्रिज’ आहे. दुरुस्तीवर एवढा पैसा गेला की तेवढ्यात सोन्याचा पूल झाला असता, असं तिथले लोक सांगतात.

मग केनेडी चुकले का? मी पहिल्या मसुद्यात तसंच लिहिलं होतं. पण जरा थांबून बघा. लोखंड इंग्लंडच्या कारखान्यात कापलं, भोकं पाडली, जहाजात चढवलं, मुंबईत किंवा सुरतेत उतरवलं, तिथून होडीने किंवा बैलगाडीने जागेवर नेलं. वाटेत एखादा तुकडा समुद्रात गेला, वाकला, हरवला, तर नवीन यायला कित्येक महिने. अशा वेळी सगळे गाळे सारखे असणं ही चैन नव्हती, विमा होता. या पुलाचा तुकडा त्या पुलाला बसतो. वॉरनच्या रचनेत तर मोजक्याच प्रकारचे तुकडे. जागेवरच्या माणसाला आकृती समजली नाही तरी जुळणी समजते.

म्हणजे त्या नागमोडी जाळीचा जो डौल आपल्याला दिसतो, त्यातला मोठा भाग जहाजाच्या प्रवासाने ठरवलेला आहे. हे कळलं त्या दिवशी माझा प्रश्न बदलला. ‘पूल कोणी डिझाइन केला’ हे विचारायचं सोडून मी विचारायला लागले, ‘हा तुकडा कोणी, कशावर, कुठून आणला?’

ही रीत जगभर दिसते. १८९९ मध्ये सुदानमधल्या अटबारा नदीवरच्या पुलाचं काम ब्रिटिश सैन्याने चक्क अमेरिकन कारखान्याला दिलं. कारण त्यांच्याकडे ठरावीक मापाचे तयार भाग होते आणि ते काही आठवड्यांत पाठवू शकत होते. ब्रिटनमध्ये त्यावर बराच आरडाओरडा झाला. आणि या विचाराचं टोक म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला बेली पूल. डोनाल्ड बेली यांच्या रचनेतली एक चौकट १० फूट लांब, वजन साधारण २६० किलो. सहा माणसं हाताने उचलू शकतील एवढीच. पुलाचं माप माणसांच्या खांद्याने ठरवलं! मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या २०१७ मधल्या चेंगराचेंगरीनंतर लष्कराने तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला पादचारी पूल उभारले आणि ते २०१८ मध्ये खुले झाले. ते याच घराण्यातले. पुढच्या वेळी मुंबईला गेलात तर थांबून त्याच्या चौकटी मोजा.

वर्धा नदी: एक पूल, दोन सरकारं

आता परत आपल्याकडे येऊ. राळेगावहून हिंगणघाटला जायचं तर वर्धा नदी ओलांडावी लागते. नदीच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे वर्धा जिल्हा. आज आपल्याला ही नुसती जिल्ह्याची हद्द वाटते. पण एकोणिसाव्या शतकात ही जवळजवळ दोन सरकारांची हद्द होती.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे दिला. तेव्हापासून वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखाली. कागदावर मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. नदीपलीकडचा वर्धा मात्र नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. ते राज्य खालसा झालं आणि पुढे मध्य प्रांत बनला. वर्धा जिल्हा वेगळा झाला १८६२ मध्ये. वऱ्हाड आणि मध्य प्रांत एका कारभाराखाली आले ते थेट १९०३ मध्ये. म्हणजे १९०३ च्या आधी वर्धा नदीवर पूल बांधायचा तर एका काठाची फाईल हैदराबादच्या वाटेने जायची आणि दुसऱ्या काठाची नागपूरच्या.

संशोधकासाठी याचा अर्थ काय? मी पहिले काही महिने यवतमाळ जिल्ह्याच्या नावाने सूची चाळत बसले आणि काहीच हाती लागेना. मग लक्षात आलं, १९०५ पर्यंत या जिल्ह्याचं नावच यवतमाळ नव्हतं. तो वणी जिल्हा होता, इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘वून’. सूचीत ‘यवतमाळ’ शोधणाऱ्याला १९०५ च्या आधीचं राळेगाव सापडणारच नाही. त्यानंतरही कागद फिरत राहिले. १९५६ मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. प्रत्येक वेळी काही दप्तरं हलली. म्हणून लक्षात ठेवा: आधी त्या गावाचा प्रशासकीय पत्ता वर्षवार लिहून काढा, मग अभिलेखागारात जा. माझ्या वहीचं पहिलं पान आजही हेच आहे.

या नदीवरचा पहिला मोठा बदल झाला रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळहून निघालेली शाखा १८६७ मध्ये नागपूरला पोचली. वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांच्यामधली वर्धा नदी तिने पुलगावजवळ ओलांडली. पुलगाव हे नावच पुलावरून पडलं असं सांगतात. या घाईमागे कापूस होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. रेल्वे नागपूरला पोचेपर्यंत ते युद्ध संपलंही होतं, पण वाट पडली ती पडलीच. पाठोपाठ खामगाव आणि अमरावती या कापसाच्या बाजारपेठा मुख्य मार्गाला शाखांनी जोडल्या गेल्या.

आणि रस्त्यांचं काय? आमच्या भागात नाल्यांवर जुन्या काळापासून दिसतो तो रपटा. नदीच्या पात्रातच दगड-काँक्रीटचा बुटका पट्टा. पाणी आलं की वाट बंद, ओसरलं की सुरू. लोखंडी जाळीचा उंच पूल रेल्वेला मिळाला, बैलगाडीला रपटा मिळाला. कारण साधं आहे. गाडी चार तास थांबली तर शेतकऱ्याचं नुकसान, रेल्वे चार तास थांबली तर कंपनीचं. कोणाचा वेळ मौल्यवान धरला गेला हे पुलाच्या उंचीवरून वाचता येतं. आरएसीच्या बैठकीत मला विचारलं होतं, “तुमच्या तालुक्यात ट्रस पूल आहेत कुठे?” तेव्हा मी गडबडले. आज सांगेन की ‘इथे का नाहीत’ हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

पुलाचं वय विचारताना

आता माझी सगळ्यात मोठी चूक. सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलं होतं, ‘पुलगावचा १८६७ चा लोखंडी पूल’. गाइडनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, ‘कशावरून?’

१८६७ हे मार्ग सुरू झाल्याचं साल आहे. ते मी सरळ लोखंडाला चिकटवलं होतं. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातले रेल्वेचे बरेचसे गर्डर पुढे बदलावे लागले. कारण इंजिनं जड होत गेली आणि १८६० च्या हिशेबाने बनवलेले गाळे पुरेनात. खाली दगडी खांब जुनेच ठेवायचे आणि वरचं लोखंड नवं टाकायचं, ही नेहमीची पद्धत. म्हणजे एकाच पुलाचे पाय आजोबांचे आणि पाठ नातवाची असू शकते. त्यामुळे ‘पूल कधीचा’ असा प्रश्नच विचारायचा नाही. पाया कधीचा, खांब कधीचे, गाळे कधीचे, रूळ कधीचे, असे चार प्रश्न विचारायचे. माझ्या प्रबंधातून ते वाक्य गेलं. आता तिथे आहे, ‘१८६७ मध्ये सुरू झालेल्या मार्गावरील पूल’. एवढ्याशा बदलाने वाक्य खरं झालं.

लोखंड स्वतः काही खुणा देतं. साधारण १८८० च्या दशकापर्यंत घडीव लोखंड वापरलं जाई, नंतर पोलाद. जोड रिव्हेटचे असतील तर पूल बहुधा विसाव्या शतकाच्या मध्याच्या आधीचा, कारण त्यानंतर बोल्ट आणि वेल्डिंग वाढत गेलं. पोलादी तुळयांवर कधी कधी कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. मिडल्सबरोच्या डोरमन लाँगचं नाव भारतात ठिकठिकाणी दिसतं. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद निघायला लागलं १९१२ मध्ये, त्यामुळे टाटांचं नाव दिसलं तर तो तुकडा त्याआधीचा नाही हे नक्की. आणि गाळ्याच्या एका टोकाखाली बघा, तिथे रोळ असतात. आपल्याकडे हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यात सहज ४० अंशांचा फरक. तेवढ्याने ३० मीटरचा गाळा जवळजवळ दीड सेंटिमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा दिली नाही तर तो खांबच ढकलेल.

रिव्हेटबद्दल आणखी एक. एक रिव्हेट बसवायला चौघांची टोळी लागायची. एक भट्टीत तापवणारा, एक लाल रिव्हेट झेलणारा, एक मागून टेकू देणारा, एक हातोडा मारणारा. एका मध्यम पुलात अशी हजारो डोकी. अभियंत्याचं नाव अहवालात येतं, कंपनीचं नाव पाटीवर येतं, या चौघांचं कुठेच येत नाही. पण रिव्हेटचं गोल डोकं नीट बघितलंत तर काही अगदी मध्यावर बसलेली असतात, काही किंचित कलती. ती कलती डोकी म्हणजे कोणाच्या तरी हाताची खूण. कागदात न सापडणारा मजूर मला पहिल्यांदा तिथे भेटला.

शकुंतला आणि हलका भार

यवतमाळचा विषय निघाला की शकुंतला येणारच. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर, दोन्ही मिळून साधारण १९० किलोमीटर, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. किलिक निक्सन या कंपनीच्या व्यवस्थापनाखाली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसासाठी उभी राहिलेली ही नॅरोगेज. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिने १९९४ पर्यंत चालवलं.

मी शकुंतलेच्या मार्गावर गेले ते ट्रस पूल शोधायला. एका नाल्यावर पोचले, बघते तर जाळी नाहीच. साध्या सपाट तुळया, ज्यांना गर्डर म्हणतात, त्या टाकलेल्या. क्षणभर हिरमोड झाला. मग खाली उतरून माप घेतलं आणि वाटलं, इथे जाळीची गरजच काय? गाळा लहान, गाडी हलकी, वेग कमी. लहान गाळ्याला सपाट तुळई स्वस्त पडते. जाळीत दांड्या कापा, भोकं पाडा, जोडा, यातली मजुरी फक्त मोठ्या गाळ्यातच वसूल होते. म्हणजे सगळे जुने लोखंडी पूल ट्रस नसतात, आणि कुठे ट्रस आणि कुठे तुळई हा निर्णयही कोणीतरी पैसे मोजूनच घेतलेला असतो.

शकुंतला ब्रॉडगेज व्हावी ही या भागातली जुनी मागणी आहे आणि माझ्या घरच्यांचीही तीच इच्छा आहे. दुसरीकडे वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाचं काम चालू आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. माझ्या आईला नव्या गाडीचं कौतुक आहे आणि असायलाच हवं. जुन्या पुलासाठी नवी गाडी अडवा, असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की भंगारात जाण्यापूर्वी कोणीतरी टेप घेऊन जावं. मोडणं दोन दिवसांत होतं, आणि माप एकदा हुकलं की कायमचं हुकलं.

मोहाबद्दल एक कडू गोष्ट

जुन्या पुलांना मोह आहे. मला तो मान्य करावाच लागतो, कारण मी स्वतः त्यातूनच आले. पण १५ जून २०२५ च्या रविवारी तळेगाव दाभाडेजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला आणि चार जण गेले. पावसाळ्यातली नदी बघायला लोक आले होते. पूल धोकादायक असल्याचे फलक होते, तरी त्यावर गर्दी होती, दुचाक्याही होत्या.

त्या दिवशी मी माझा जुना सिनॉप्सिस पुन्हा उघडला. त्यात ‘पुलावर उभं राहून नदी बघण्याचा अनुभव’ असं एक वाक्य होतं. ते वाचवेना.

इथे एक शब्दाचाही मुद्दा आहे. पूल पडला की आपल्या तोंडी लगेच ‘जुना, ब्रिटिशकालीन’ असा शब्द येतो. कुंडमळ्याचा पूल सुमारे ३० वर्षांचा होता, ब्रिटिशकालीन नव्हे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात वाहून गेलेला पूल खरोखर १९२८ चा होता, पण तो दगडी कमानींचा. दोन्हींची बांधणी वेगळी, पडण्याची कारणंही वेगळी. ‘ब्रिटिशकालीन’ म्हटलं की वय सांगितल्यासारखं होतं आणि चौकशी तिथेच थांबते. खरं तर विचारायला हवं की शेवटची तपासणी कधी झाली, सांधे कोणी बघितले, गंज कुठे होता. साध्या ट्रसमध्ये फालतू दांडी नसते हे आपण वर बघितलं. तोच त्याचा डौल आणि तीच त्याची जोखीम. एक महत्त्वाची दांडी किंवा सांधा गेला तर भार दुसरीकडे वळवायला वाट राहत नाही. इतिहासकाराने हे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर आपलं ‘वारसा, वारसा’ कोणाच्या तरी जिवावर बेतू शकतं.

तुम्ही काय करू शकता

विषय पुलाचा नसला तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

एक, आवडीचं वाक्य लिहा आणि त्यापुढे ‘असं का’ लिहा. उत्तर ‘कारण ते सुंदर आहे’ असं येत असेल तर अजून प्रश्न सापडलेला नाही.

दोन, तुमच्या जागेचा प्रशासकीय पत्ता काढा. विदर्भातल्यांनी १८५३, १९०३, १९५६ आणि १९६० ही वर्षं भिंतीवर लावून ठेवावीत. मराठवाड्यातल्यांची, कोकणातल्यांची वर्षं वेगळी असतील.

तीन, कागदातली तारीख कशाची आहे ते बघा. मंजुरीची, सुरुवातीची, उद्घाटनाची की दुरुस्तीची?

चार, वस्तूकडे जा, पण काठावरूनच. बंद पुलावर चढू नका. बाजूने पूर्ण गाळ्याचा एक फोटो, सांध्याचा एक, टेकूचा एक आणि शेजारी माप कळेल असं काहीतरी. घरी येऊन त्याच दिवशी आकृती काढा.

पाच, हाताने काम करणाऱ्यांना विचारा. माझ्या प्रबंधात जेम्स वॉरनच्या पेटंटचा उल्लेख तिसऱ्या प्रकरणात आहे. प्रस्तावनेची सुरुवात मात्र ‘तीन काड्या जोडल्या त हालत नाही’ इथून होते.

गेल्या दिवाळीत गावी गेले होते तेव्हा ते मिस्त्री काकाजी भेटले. आता काम सोडलंय त्यांनी. मी मोबाइलवर गोल्डन ब्रिजचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला, बोटाने दोन-तीन दांड्या मोजल्या आणि म्हणाले, “आपलीच कैची हाय का ही? लय मोठी हाय. पण हे पाहय, खांबापाशी दांडी जाड ठेवली. समजदार माणूस होता.”

मला हे कळायला दोन वर्षं आणि बरीच पुस्तकं लागली होती.